मुळाजवळचा ठिपका

मिहिकाचा ठिपका केशरी होता. फोनच्या पडद्यावर असे चार ठिपके होते, बारीक रेषांनी एकमेकांना जोडलेले, आणि त्यातल्या एकाखाली लिहिलं होतं, 'आपला नमुना'. बाकीच्या तिघांखाली नावं नव्हती. तसा नियमच आहे. पण त्यातल्या दोघांखाली आमचाच पिनकोड होता. सांगलीसारख्या गावात पिनकोड आणि 'वय एक वर्षाच्या आत' एवढं कळलं की नाव शोधायला फार कष्ट पडत नाहीत. एक ठिपका आमच्याच सोसायटीतल्या अमृताच्या शर्विलचा. दुसरा मागच्या गल्लीतल्या बंगल्यातल्या बाळाचा. चौथा मात्र जालना जिल्ह्यातल्या कुठल्याशा खेड्यातला होता, आणि त्याचा आमच्याशी काय संबंध, हे मला कळेना.

त्याच सकाळी आम्ही दवाखान्यातून घरी आलो होतो. आठ महिन्यांची पोर, पाच दिवस सलाइनवर. ताप, आणि शीमधून रक्त. शर्विल जेमतेम तीन महिन्यांचा, तो मिहिकाच्या एक दिवस आधी आजारी पडला आणि अजून आयसीयूतच होता. जिवाणूचं नाव सॅल्मोनेला. पूर्वी प्रयोगशाळा एवढंच सांगून मोकळी व्हायची. चोरी झाली, आणि ती माणसाने केली आहे, असं पोलिसांनी सांगावं तसं.

आता 'माग' आहे. राज्यभर ही यंत्रणा सुरू होऊन दोन वर्षं झाली. रुग्णाच्या शौचाच्या नमुन्यातून जिवाणू वेगळा काढतात आणि त्याचा सगळा जनुकसंच वाचतात. अठ्ठेचाळीस लाख अक्षरं, आणि लिपी फक्त चार अक्षरांची. एका जिवाणूचे दोन होताना या सगळ्याची नक्कल होते, आणि नक्कल करताना क्वचित चूक होते. वर्षाला एखाददुसरं अक्षर. त्यामुळे दोन रुग्णांच्या जिवाणूंत शे-दीडशे अक्षरांचा फरक निघाला तर त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. एक-दोन अक्षरांचाच निघाला तर दोघांकडे तो एकाच ठिकाणाहून, नुकताच आलेला आहे. आमच्या चार ठिपक्यांत जास्तीत जास्त फरक दोन अक्षरांचा होता.

मी संख्याशास्त्र शिकले आहे. हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता किती, ते मी मिहिकाला मांडीवर घेऊन मनातल्या मनात काढून पाहिलं. शक्यता नव्हतीच म्हणायची. म्हणजे कुणीतरी, कुठूनतरी आणून, माझ्या मुलीच्या तोंडात ते घातलं होतं.

त्या दिवसापासून मी घरात येणाऱ्या प्रत्येक हाताकडे बघायला लागले. म्हणजे आधीही बघायचेच. मिहिका झाल्यापासून माझी ती सवय झाली होती आणि सौमित्र, माझा नवरा, त्यावरून मला चिडवायचा. घरात कॅमेरा बसवायची गरज नाही, तू आहेस, असं म्हणायचा. पण आता मी दूधवाल्याने पिशवी कुठे टेकवली ते बघत होते. भांडीवाल्या मुलीने नळ बंद करताना कोणता हात लावला ते बघत होते. सासूबाईंनी भाजी चिरून झाल्यावर मिहिकाच्या गालाला हात लावला, तर मी लगेच तिचा गाल पुसला. त्यांनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी यास्मिन मुल्ला आल्या. आधी परिचारिका होत्या, आता 'माग'च्या निरीक्षक. पन्नाशीच्या, शांत, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघणाऱ्या. ती सवय मला लगेच ओळखू आली. त्यांच्या टॅबवर लांबलचक यादी होती. आजारी पडण्याआधीच्या सात दिवसांत बाळाने काय काय खाल्लं? अंगावरचं दूध. नाचणीचं सत्त्व, घरी केलेलं, शिजवलेलं. मुगाच्या डाळीचं पाणी. उकडलेलं सफरचंद. बाहेरचं काही नाही, डब्याचं काही नाही. मी सगळं तारखेवार सांगितलं, कारण माझ्याकडे ते तारखेवार लिहिलेलं होतं. त्या म्हणाल्या, इतकी नीट माहिती त्यांना कुणी देत नाही. मला अभिमान वाटला.

मग त्यांनी विचारलं, तिन्ही बाळांच्या घरी येणारं असं कुणी आहे का?

मला उत्तर माहीत होतं. आदल्या दिवशी ठिपके बघतानाच ते माझ्या मनात येऊन बसलं होतं. आमच्याकडे मिहिकाला अंघोळ घालायला शालनमावशी यायच्या. सकाळी आठला आमच्याकडे, नऊला अमृताकडे, मग मागच्या गल्लीत, आणि पुढे आणखी दोन घरं. साठीला टेकलेल्या, काटक, पायांवर बाळ घेऊन बसल्या की अर्धा तास हलायच्या नाहीत. बाळ त्यांच्या हातात रडत नसे. आणि मिहिका आजारी पडायच्या दोन-तीन दिवस आधी त्यांनी एक दिवस खाडा केला होता. कारण सांगितलं होतं, पोट बिघडलंय.

हे मी यास्मिन मॅडमना सांगितलं. मावशी पदराला हात पुसतात, हेही सांगितलं. विचारलं नव्हतं तरी.

चार दिवसांनी पडद्यावर पाचवा ठिपका उमटला. पिनकोड आमचा, वय साठ. मावशींच्या नमुन्यात तोच जिवाणू निघाला होता. त्यांना आता काही त्रास नव्हता. अशी माणसं असतात. त्यांच्या आतड्यात जिवाणू मुकाट राहतो आणि हातावाटे दुसरीकडे जातो. त्यांना औषध सुरू झालं, आणि आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीन नमुने स्वच्छ आल्याशिवाय लहान मुलांजवळ जायचं नाही, असं सांगण्यात आलं.

हे कुणाला सांगायचं नसतं. पण आमच्या भागातल्या आयांचा एक ग्रुप आहे, बेचाळीस जणींचा. त्यात मी लिहिलं की ज्यांच्याकडे शालनमावशी येतात त्यांनी मुलांची तपासणी करून घ्यावी, मला खात्रीलायक कळलं आहे. खाली माझं नाव होतंच. अर्ध्या तासात पाचही घरांनी त्यांना बंद केलं. अमृताने आयसीयूच्या बाहेरून मला फोन केला आणि रडत म्हणाली की तू होतीस म्हणून कळलं गं, आम्ही आंधळ्यासारखा तिच्या हातात जीव दिला होता.

दोन दिवसांनी मावशी फाटकाशी आल्या होत्या. आमच्याकडे राहिलेला त्यांचा तेलाचा डबा न्यायला, असं वॉचमन म्हणाला. त्याने त्यांना बाहेरच थांबवलं. मी गॅलरीतून बघत होते. सासूबाई स्वतः खाली गेल्या, डबा दिला, आणि बराच वेळ बोलत उभ्या राहिल्या. वर आल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं, की मावशींची सून त्यांना नातवाला घेऊ देत नाही. पोराला पलीकडच्या खोलीत ठेवलंय. मी म्हटलं, बरोबरच आहे तिचं.

त्यानंतर आठवडाभर मला झोप लागली. संशय ठरला की माणसाला बरं वाटतं, हे मी तेव्हा शिकले.

यास्मिन मॅडम पुन्हा आल्या त्या न कळवता. सौमित्र कामावर गेला होता. सासूबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या, दार उघडं होतं, त्यांना सगळं ऐकू जात असणार. मॅडमनी या वेळी टॅब बाहेर काढला नाही.

त्या म्हणाल्या की यंत्राने आता दुसरं वाचन केलं आहे. पहिल्या वाचनात नमुन्यातला एकच जिवाणू घेऊन त्याचा संच वाचतात. दुसऱ्यात एकाच नमुन्यातले हजारो जिवाणू एकेक करून वाचतात, कारण सगळे तंतोतंत सारखे नसतात. मी समजल्यासारखी मान हलवली असणार, पण त्यांनी पुढे सोपं करून सांगितलं.

"असं धरा ताई, एका डब्यात मूग, मटकी, चवळी आणि हरभरा मिसळून ठेवलेत. तुम्ही त्यातून मूठभर घेतलंत, तर तुमच्या मुठीत चारही येतील. तुमच्या मुठीतून मी चिमूटभर घेतलं, तर माझ्याकडे तीनच येतील. माझ्याकडून आणखी कुणी घेतलं, तर एखादंच. वाटेत वाण कमी होतात. वाढत नाहीत."

"मग?"

"मिहिकाच्या नमुन्यात चारही वाण आहेत. शालनताईंकडे तीन. मागच्या गल्लीतल्या बाळाकडे दोन, आणि शर्विलकडे एकच."

मला कळलं होतं, पण मी ते त्यांच्या तोंडून ऐकायची वाट बघत राहिले. त्यांनी आवाज अजिबात न चढवता सांगितलं. शालनताईंकडून तुमच्याकडे आलेलं नाही. तुमच्याकडून त्यांच्याकडे गेलं. झाडाचं चित्र काढलं तर मुळाजवळचा ठिपका तुमचा आहे. शर्विल आधी आजारी पडला तो लहान आणि अशक्त होता म्हणून; आधी त्याच्याकडे आलं म्हणून नाही.

"आणि जालन्याच्या बाळाकडेही चारही आहेत," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या दोघांच्या घरात एकच वस्तू आलेली आहे. तुम्हा सगळ्यांच्या याद्या मी दहादा वाचल्या. त्यांत सारखं काहीच नाही. म्हणून मी आता वेगळं विचारते. खायला नाही. बाळाला तुम्ही काही चाटवता का?"

आमच्याकडे बाळाला अंघोळ झाली की गुटी देतात. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, सुंठ अशी मुळं-फळं सहाणेवर अंगावरच्या दुधात उगाळायची, कशाचे किती वेढे ते ठरलेलं असतं, आणि बोटाने बाळाच्या जिभेवर लावायची. कुठल्याही घरात विचारा, बाळाने आज काय खाल्लं याच्या उत्तरात गुटी येणार नाही. ती अंघोळीत मोजली जाते. तेल, पीठ, पाणी, धुरी, गुटी. तिन्ही घरांतून आम्ही तिघी शिकलेल्या आया यादी लिहायला बसलो आणि तिघींनीही ती लिहिली नाही. लपवली नव्हती. सुचलीच नव्हती.

आता सुचली. आणि त्यासोबत बाकीचं सगळं सुचलं.

"नाही," मी म्हटलं. "चाटवत काही नाही."

स्वयंपाकघरात मेथीच्या जुडीचा आवाज थांबला.

यास्मिन मॅडमनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग उठल्या. दाराशी चपला घालता घालता म्हणाल्या, "जालन्याचं बाळ काल गेलं. ती वस्तू कुठे विकायला असेल तर आजही कुणीतरी घेत असेल. काही आठवलं तर फोन करा."

त्या गेल्या आणि मी थेट बेडरूममधल्या कपाटाकडे गेले. खालच्या खणात, मिहिकाच्या दुपट्यांच्या मागे, गुटीच्या संचाचं पाकीट असायचं. ताप आल्यापासून गुटी बंद होती, म्हणून मी ते काढलं नव्हतं. ते तिथे नव्हतं. मी दुपटी बाहेर काढली, वरचा खण उपसला, बाथरूमच्या फळीवर पाहिलं. ते मिळाल्यावर मी काय करणार होते, हे मला आज प्रामाणिकपणे सांगता येत नाही. कचऱ्याची गाडी तीनला येते, एवढं मात्र मी घड्याळाकडे बघून मनात म्हटल्याचं आठवतं.

ते पाकीट मी मागवलं होतं. मिहिका सहा महिन्यांची झाली तेव्हा पहिली गुटी संपत आली होती. मावशी म्हणाल्या, बाजारातनं नवी आणू. बाजारातली मुळं पोत्यात उघडी पडलेली असतात, ते मी पाहिलं होतं. म्हणून मी ऑनलाइन एक संच मागवला. सेंद्रिय, हातांचा स्पर्श न झालेला, प्रमाणपत्राची खूण असलेला. मावशींची रीत अशी की नवी गुटी आणली की ती आधी दुधात चांगली उकळायची, फडक्यावर घालून कडक उन्हात वाळवायची आणि मगच उगाळायला घ्यायची. प्रत्येक घरी त्या तेच करायच्या. का, ते त्यांना सांगता येत नसे. 'उग्रपणा जातो' म्हणायच्या. आणि माझ्या पाकिटावर ठळक छापलं होतं, 'औषधी गुण टिकण्यासाठी उकळू नये'. मी त्यावर दोन लेखही वाचले होते. मी त्यांच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. सासूबाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, अगं, उकळू दे, काय बिघडतंय. मी म्हटलं, आई, हे त्या पोत्यातल्या मुळांसारखं नाही.

सहाण मात्र मावशींचीच. ती त्या कापडात गुंडाळून घरोघर न्यायच्या, साठ-सत्तर पोरं तिच्यावर वाढलेली, आणि सासूबाईंचा तिच्यावर जीव. मी एका अटीवर मान्य केलं. आमच्याकडे आल्या की आधी मी स्वतः ती सहाण उकळत्या पाण्याने धुवायची. रोज धुतली. एक दिवस चुकवला नाही. मिहिकाची गुटी उगाळायच्या आधी. नंतर नाही. नंतर मावशी ती फडक्याने पुसायच्या, गुंडाळायच्या आणि अमृताकडे जायच्या.

कोरड्या मुळात हा जिवाणू महिनोन्महिने जगतो. ओलावा मिळाला की जागा होतो. तेवढं मला त्या क्षणीही माहीत होतं. गेले पंधरा दिवस मी दुसरं काही वाचलंच नव्हतं.

"हे शोधतेयस का?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. पाकीट त्यांच्या हातात होतं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड रबराने बांधलेलं. मिहिकाचा ठिपका पडद्यावर दिसला त्याच दिवशी त्यांनी ते उचलून स्वतःच्या कपाटात ठेवलं होतं. म्हणजे पंधरा दिवस त्यांना संशय होता. मावशी फाटकाबाहेर उभ्या होत्या तेव्हाही. मी विचारलं, मग बोलला का नाहीत. त्या म्हणाल्या, मला नक्की माहीत नव्हतं. आणि तू ऐकून घेशील असंही मला वाटलं नाही. मी म्हटलं, मावशींना तरी सांगायचं.

त्यांनी पाकीट पलंगावर ठेवलं. "मी कुणाला फोन करणार नाही. पण ते फेकायचं असेल तर माझ्यासमोर फेक."

मिहिका पाळण्यात जागी झाली होती आणि स्वतःच्या पायाशी खेळत होती. अंग्याची बाही तिला आता सैल होत होती, पाच दिवसांत इतकी उतरली होती. मला तिच्याकडे बघवेना, कारण बघितलं की तिच्या जागी मला जालन्याचं ते बाळ दिसायला लागलं, ज्याचं नाव मला माहीत नाही, आणि त्याची आई, जी कदाचित आत्ताही आपण काय चुकलो ते आठवत बसली असेल. तिच्याही यादीत गुटी नसणार. तिला कुणी सांगितलं नाही तर ती जन्मभर दुसरंच काहीतरी आठवत राहील.

मी यास्मिन मॅडमना फोन केला. म्हटलं, आठवलं. त्या अजून कोपऱ्यावरच होत्या. गाडी सुरूच केली नव्हती त्यांनी.

चार दिवसांत निकाल आला. वेखंडाच्या तुकड्याच्या आत, भेगेत, तोच जिवाणू. पाच वाण, आमच्या सगळ्यांकडे मिळून असलेल्या चारांपेक्षा एक जास्त. जालन्याच्या बाळाला तोच संच पुण्याच्या आत्याने भेट पाठवला होता. राज्यभरातून ती पाकिटं परत मागवण्यात आली. त्यात आणखी एक आजारी बाळ सापडलं, ते वाचलं. शर्विल बाविसाव्या दिवशी घरी आला.

'माग'कडून सगळ्यांच्या फोनवर संदेश आला. प्रादुर्भावाचं मूळ एक पॅकबंद वनौषधी संच आहे, घरोघर काम करणाऱ्या कोणत्याही व्यक्तीचा यात दोष नाही. कुणाच्या घरी तो संच होता, ते त्यात नव्हतं. ग्रुपवर हात जोडलेल्या खुणांची रांग लागली. बिचाऱ्या मावशी, असं सगळ्यांनी लिहिलं. कुणीतरी विचारलं, पण मग आपल्याकडे सुरुवात झाली कुठून? अमृताने मला वेगळं विचारलं, तुला काही कळलंय का? तुझ्याकडे त्या मॅडम दोनदा आल्या होत्या ना?

मी लिहिलं, नाही गं.

सौमित्रला मी सगळं सांगितलं होतं. त्याचं म्हणणं, तू पाकीट दिलंस, काम झालं, आता आणखी काय करायचंय. तो मला वाचवत होता आणि मला ते हवंही होतं. पण मी लिफ्टमध्ये अमृतासोबत उभी राहू शकत नव्हते. ती शर्विलला घेऊन यायची आणि त्याची मूठ माझ्या बोटाला धरायला द्यायची.

रविवारी दुपारी मी शालनमावशींच्या घरी गेले. रेल्वेच्या पलीकडे, दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. त्या पडवीत जुन्या साड्यांची गोधडी शिवत होत्या. नातू आत झोपला होता. मला बघून त्यांनी दोरा दाताने तोडला आणि चटई सरकवली. आधी शर्विलचं विचारलं. मग मिहिकाचं, वजन भरलं का, रात्री रडते का. मी सगळं सांगितलं, पाकिटाचं, पातेल्याचं. ते त्यांना माहीत होतं. संदेश आला त्याच दिवशी त्यांनी ओळखलं होतं. पाच घरांत न उकळलेली गुटी एकच होती.

मी म्हटलं, मावशी, माझं चुकलं. तुमचे तीनही नमुने स्वच्छ आलेत असं कळलं. उद्यापासून याल का?

त्या सुईत दोरा ओवत होत्या. ओवून झाला, गाठ मारली.

"बाकीच्या घरी जानार हाय," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडं न्हाई."

"रागावलात. बरोबर आहे."

"राग न्हाई गं पोरी. भ्या वाटतं. तुझ्या घरातनं निघायचं आन पुढच्या लेकराला हात लावायचा. तवा मला कुठं म्हाईत हुतं की तुझ्याकडनं काय घिऊन चाललीया." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "मी तीनदा तपासून कागद दावला. तुझा कागद कुठाय?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि खरं सांगते, मला अपमान वाटला. माझा कागद? माझ्या घरी उकळून प्यायचं पाणी, माझ्या नखांना कधी मळ नाही. तोंडापर्यंत आलं होतं. पण कागद माझ्याकडे खरोखरच नव्हता. मिहिका तपासली, मावशी तपासल्या, भांडीवाली मुलगी तपासली, सासूबाईही तपासल्या. माझा नमुना कुणी मागितला नव्हता. मी आई होते, तारखेवार लिहिणारी. मला विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. आणि रोज गुटी चाटवायचं बोट माझंच होतं.

सोमवारी मी नमुना दिला. केंद्रावरच्या मुलीने फॉर्मवर 'संबंध' असं विचारलं तिथे काय लिहायचं ते मला सुचेना, मग तिनेच 'माता' लिहिलं.

निकाल शुक्रवारी दुपारी दोनला आला. पडद्यावर सहावा ठिपका, मिहिकाच्या अगदी शेजारी. चारही वाण. मला ताप नाही, पोटात दुखत नाही, काही नाही. महिनाभर मी ते बाळगून होते आणि महिनाभर मी तिला भरवत होते.

मी मावशींना फोन केला. आत्ताच कळलंय, असं म्हटलं आणि मला रडू फुटलं.

"रडू नगं. औषध घे. हात धू साबनानं, आन लेकराला उपाशी ठिऊ नगं. मी न्हाई का गेले ह्यातनं." मग त्यांनी विचारलं, आणखी कुणाला सांगितलंस. मी म्हटलं, अजून कुणालाच नाही.

"मग त्या तुमच्या ग्रुपवर टाक," त्या म्हणाल्या. "माझं टाकलंवतंस तसं. तीन कागद झालं की मला फोन कर, मी यीन."

मी टेबलाशी बसून लिहिलं. माझा नमुना पॉझिटिव्ह आला आहे. तो संच माझ्या घरचा होता. शालनमावशी तो उकळणार होत्या, मी उकळू दिला नाही. माझ्याकडून मावशींकडे आणि तिथून पुढे गेलं. खाली नाव लिहायची गरज नसते, तरी लिहिलं. जुईली, ए ३०२. दोनदा वाचलं, एक शब्द जरा मऊ करावासा वाटला, केला नाही. पाठवलं.

वाचलेल्यांची संख्या वाढत गेली. मग वर आलं, 'अमृता लिहीत आहे'. ते गेलं. पुन्हा आलं. पुन्हा गेलं. मी मिहिकाला सासूबाईंकडे दिलं, कोपरापर्यंत हात धुतले, आणि फोन उताणा ठेवून त्याच्यासमोर बसले.